हातानं फिरवून पाहिलेलं चाक

आसेगावात माझ्या धाकट्या भावाबद्दल गेली काही वर्षं एक गोष्ट बोलली जाते. त्यानं दारू सोडली म्हणून सांगितलं, पण सायकलवरून पडला त्या दिवशी तो पिऊनच होता, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. ती खोटी असल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ती मोडू शकेल असा माणूस मी एकटाच होतो. मी मोडली नाही. आता सत्तरी उलटली आहे, लिहायचा कंटाळा येतो, तरी हे लिहून ठेवतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. निवृत्तीनंतर वाशीमलाच राहिलो. गावची शेती भाऊ करायचा. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, आणि पुण्याच्या मुलानं कोणाची तरी वापरलेली घडीची सायकल आणून दिली. लहान चाकांची, मधून दुमडणारी. मी ती घडी करून एसटीत घालायचो, फाट्यावर उतरायचो, उघडायचो आणि गावात जायचो. कंडक्टर लोकांना तिची मोठी गंमत वाटायची.

"गुरुजी, हे काय आणलं? शिलाई मशीन?"

"सायकल आहे."

"सायकल टपावर टाका न मंग."

"टपावर कशाला? मांडीवर घेतो."

"मांडीवर घेता तं लेकरू झालं ते. हाफ तिकीट काढा त्याचं."

सगळी गाडी हसायची. मलाही बरं वाटायचं. गावात मी मशीन समजणारा माणूस म्हणून ओळखला जायचो. मास्तरकीच्या काळात अर्ध्या गावाचे रेडिओ मी दुरुस्त केले होते, मोटारपंप उघडले होते. 'गुरुजीले सगळं येते' असं लोक म्हणायचे, आणि मी ते खरं मानून चाललो होतो.

या सायकलीचे गिअर बाहेर दिसत नाहीत. मागच्या चाकाच्या मधोमध जो जाड डबा असतो, हब, त्याच्या पोटात ते असतात. आसाच्या पोकळ टोकातून पैंजणासारखी बारीक साखळी बाहेर येते आणि हँडलवरून आलेल्या वायरला जोडलेली असते. वायर जितकी ताणली जाईल तसा आतला गिअर बदलतो. बाहेरच्या अंगाला फक्त दोन दातेरी चकत्या असतात, एक लहान, एक मोठी, आणि त्यांच्यावरून चैन फिरते. दोनेक वर्षांत त्या चकत्यांचे दात झिजून आकड्यासारखे वाकले. चैन उड्या मारायला लागली. मुलानं पुण्याहून नव्या चकत्या आणि नवी चैन पाठवली आणि फोनवर बजावलं, "बाबा, दुकानात द्या. स्वतः खोलू नका." वाशीमच्या दुकानात द्यायला मला कमीपणा वाटला.

सोयाबीन निघून पोती घरात आली होती, ते दिवस. सकाळच्या गाडीनं गावी गेलो आणि भावाच्या अंगणातच सायकल उलटी केली. भाऊ समोर उकिडवा बसून चाक धरत होता.

त्या वेळी त्याला दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. आधी तो फार प्यायचा. नालीत पडेपर्यंत. मग एका पावसाळ्यात वर्षावासाचे कार्यक्रम चालू असताना तो विहारात येऊन बसायला लागला, आणि सुटली ती सुटलीच. पुढे गावानंच त्याला मान दिला. पौर्णिमेला विहारात पंचशील तो आधी म्हणायचा आणि बाकी सगळे त्याच्या मागून म्हणायचे. पाचवं शील दारूचं. तिथं त्याचा आवाज चढायचा. मागची पोरं गालात हसायची, तोही हसायचा. हसण्यात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं की हा माणूस या शीलापर्यंत कुठून चालत आला आहे.

"दादा, येले वायर कायले जोडली चाकाले?" त्यानं विचारलं.

"गिअरची आहे. धर नीट."

"आपल्या जुन्या सायकलीले नोती बाप्पा. चाक काढलं, चाक बसोलं. झालं."

मी वायर सोडली, साखळी आसातून फिरवून काढली, नट ढिले करून चाक बाहेर घेतलं. चकत्यांना धरून ठेवणारी तारेची कडी पेचकसानं उचकटताना ती उडून त्याच्या धोतरात गेली. "नेम चांगला हाय गुरुजीचा," तो म्हणाला. त्याची बायको दारातून हसली. जुन्या चकत्या निघाल्या, नव्या बसल्या, कडी बसली, चैन आली. चाक जागेवर लावून नट आवळले. साखळी परत आत फिरवली आणि वायरला जोडली.

आणि मग मी तेच केलं जे आम्ही लोक सायकलीशी जन्मभर करत आलो. चाक उचललं, पायडल हातानं फिरवलं, चाक गरगर फिरलं, हात झटकले आणि म्हणालो, "झालं."

मोठ्या काळ्या सायकलीला तेवढं पुरतं. चाक वाकडं नाही, कुठं घासत नाही, बस. या सायकलीत खरं काम त्यानंतर सुरू होतं. वायर जोडली की तिचा ताण लहान नटानं जुळवावा लागतो. तो सैल राहिला तर मधला गिअर आत नीट धरत नाही. वायर सोडताना मी हँडलवरचं लिव्हर सैल करून ठेवलं होतं आणि तसंच एका गिअरवर चाक फिरवलं. मधला गिअर मी पाहिलाच नाही. हाताच्या जोरानं त्याचा दोष कदाचित लक्षातही आला नसता. त्यावर माणसाचं वजन यावं लागतं.

चहा झाला. घरात चहापत्ती संपली म्हणून त्याची बायको बोलली. माझा गुडघा दुखत होता. मी भावाला म्हणालो, "तू जा फाट्यावर. चहापत्तीही येईल आणि सायकलही चालवून पाहणं होईल."

"मी काय लहान पोरगं हाय चक्कर मारायले?" असं म्हणाला, पण गेला. हँडलला पिशवी अडकवली आणि पोरासारखा घंटी वाजवत गेला. तेव्हा दिवस मावळायला आला होता. तो सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होता. जेवण आणि चहा यांशिवाय त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं.

गाव आणि फाटा यांच्यामध्ये नाल्यावर पूल आहे. पुलाकडे रस्ता चढतो. चढ आला की आमच्याकडचा माणूस सायकलवर उभा राहून पायडल मारतो. त्यानं गिअर मधल्यावर घेतला असावा आणि उभा राहिला असावा. पायाखाली पायडल रिकामं गेलं. तो पुलाच्या कठड्यावर आपटून खाली दगडांवर गेला. थोड्या वेळानं तिथून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला पडलेलं पाहिलं आणि गावात येऊन आरडाओरडा केला.

मी पोचलो तेव्हा लोकांनी त्याला वर आणून रस्त्यावर निजवलं होतं. डोक्यातून रक्त. मांडीचं हाड मोडलं होतं. पिशवी हँडलला तशीच लटकत होती, रिकामी. म्हणजे तो फाट्यावर पोचलाच नव्हता. मी ती पिशवी काढली आणि खिशात घातली. तेव्हा ते मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. हात गेला.

फाट्यावर दारूचं दुकान आहे. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं, कोणी धडक दिली नव्हती. लोकांनी हिशेब जुळवला. "गेला वाट्टे पुन्हा जुन्या वाटेनं," कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. मी ऐकलं.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भूल देण्याआधी विचारलं, "हे दारू घेतात का? आज घेतली होती?" भावाची बायको, शेजारचे दोघे, सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी थोरला, शिकलेला, आणि दिवसभर त्याच्याबरोबर होतो.

मी म्हणालो, "आधी घ्यायचा. आजचं काय सांगावं, साहेब."

बस, एवढंच. मी खोटं बोललो नाही असं स्वतःला पुढं कितीदा तरी सांगितलं. घेतली होती असं मी कुठं म्हणालो? पण त्याच्या बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी नाही म्हणालो नाही, हेच तिच्यासाठी उत्तर होतं.

त्या घडीला मला सायकलीचं पक्कं माहीत नव्हतं. शंका होती. दुसऱ्या दिवशी गावी जाऊन, अंगणात कोणी नसताना, मी लिव्हर मधल्यावर ठेवलं, मागचा ब्रेक दाबला आणि पायडलवर पाय दिला. पायडल तसंच खाली गेलं, चिखलात पाय जावा तसं. मी वायरचा नट आवळला. पुन्हा पाय दिला. आता पायडल अडलं. काम फार सोपं होतं. मग हात पुसले आणि सायकलीची घडी केली.

त्यानंतर कोणीही ती सायकल पाहिली असती तरी तिच्यात दोष सापडला नसता.

भाऊ शुद्धीवर आला, पण त्या दिवसातलं त्याला काहीच आठवेना. सकाळची चकती आठवेना, चहा आठवेना. खाटेशेजारी मी एकटा असताना त्यानं विचारलं, "दादा, मी पेलो होतो काय?"

मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "जाऊ दे आता. बरा हो आधी."

"सगळे म्हणून राह्यले. असन मंग," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाय आखूड झाला, हातात काठी आली. विहारात तो पुढं बसेनासा झाला, मग मागं, मग दाराशी, आणि मग येईनासा झाला. पंचशील एक तरुण मुलगा म्हणू लागला. मी गावी गेलो की भाऊ माझी नेहमीसारखी सरबराई करायचा. त्याचं ते 'दादा, दादा' मला सोसेना. जाणं कमी केलं. बोलायचं ठरवून गेलो आणि जेवून परत आलो, असंही झालं. का बोललो नाही? भीती होती. हसू होईल याची भीती, शरम, आणि पुढं पुढं नुसता थकवा. एकदा खोटं घरात राहायला आलं की ते बाहेर काढायला त्याला आणण्यापेक्षा जास्त ताकद लागते, आणि माझ्यात ती नव्हती.

या हिवाळ्यात चकत्या पुन्हा झिजल्या. नव्या मागवल्या. भाऊ पायाच्या तपासणीसाठी वाशीमला आला होता आणि माझ्या ओट्यावर उन्हात बसला होता. मी समोर सायकल उलटी करून काम करत होतो. या वेळी चकत्या बसवल्या, वायर जोडली, आणि मग साखळीवरचा नट थोडा थोडा फिरवत, प्रत्येक गिअरवर पायडल दाबून पाहत बसलो. भाऊ बघत होता.

"आता हे काय करून राह्यला? चाक तं बसलं."

"ताण पाहावा लागतो. सैल राहिला तर जोर दिला की पायडल रिकामं जातं."

"रिकामं जाते म्हंजे?"

"म्हणजे पाय खाली जातो. माणूस पडतो."

हे मी कसं बोलून गेलो, कळलं नाही. मी स्वतःहून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण विचारलं त्यानं. त्यानं सायकलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तवा पाह्यला होता ताण?"

मी पाना खाली ठेवला. "नाही."

"तुले मालूम होतं?"

"दुसऱ्या दिवशी कळलं."

"मंग मी पेलो नोतो."

"नव्हता. तू फाट्यापर्यंत गेलाच नव्हता. पिशवी रिकामी होती."

तो रागावेल, काठी उगारेल, असं वाटलं होतं. तो नुसता बसला. रस्त्यावरून ऑटो जात होते. पुन्हा म्हणाला, "पेलो नोतो." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दर पुनवेले मी घरी बसून माफी मागत होतो दादा. कायची मागत होतो मी?"



"ऊठ," तो म्हणाला. "गावाले चाल. तिले सांग."

"तू सांग ना. मी येतो नंतर."

"मी सांगितलं तं म्हणन, आता सायकलवर ढकलून राह्यले. तुह्याच तोंडानं पायजे."

दुपारच्या एसटीनं आम्ही गेलो. गाडीत तो खिडकीशी बसला. घरी त्याची बायको सुपात तूर पाखडत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला. "या भाऊजी. आज कसे काय?"

मी उभ्यानंच सांगितलं. चकत्या, वायर, नट, पिशवी, दवाखाना. मध्येच चहाचं विचारायला ती उठत होती, ती परत बसली. सगळं ऐकून झाल्यावर सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं तिला समजलं नाही. मग ती बोलली.

"तवापासून रोज संध्याकाळी मी याले दारातच थांबवत होती. म्हणो, हा करा. हे हा करत. लेकरावानी तोंड उघडून उभा राहे हा माणूस, आन मी वास घेओ." तिनं सूप बाजूला सारलं. "एका दिवशी तरी सांगाचं होतं भाऊजी. एका दिवशी."

भाऊ ओसरीवर पाठ करून बसला होता. तो तिकडूनच म्हणाला, "पुनवेले विहारात सांगन तो. सगळ्यासमोर."

तो मला विचारत नव्हता.

पौर्णिमेला गेलो. वंदना झाली, आणि पंचशील सुरू होण्याआधी मी उठलो.  शाळेत इतकी वर्षं बोललो, तसा आवाज राहिला नाही. आवरतं घेतलं नाही, सगळं सांगितलं.  मग माझ्याच वयाचा एक जण म्हणाला, "इतके साल पोटात ठेवलं तुमी, गुरुजी?"

"हो."

"कायले?"

"भ्यायलो."

"आमी काय काय बोल्लो त्याले," तो म्हणाला. बाजूचा पटकन बोलला, "तू तं त्याच्या चालीची नक्कल करत जाय पोराइले दाखोत."

पंचशील म्हणणारा मुलगा उठून भावाजवळ आला. "काका, आज तुमी घ्या."

भाऊ काठी टेकून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं, माझ्यामुळे त्याचं जे गेलं त्यातलं थोडं तरी आता त्याला परत मिळेल. त्यानं मान हलवली.

"मी नाई घेत," तो म्हणाला. "त्या दिवशी नोतो पेलो. गुरुजीनं सांगितलं, खरं हाय. पण दवाखान्यातून आल्यावर पेलो. एकडाव. काठी टेकत फाट्यावर गेलो आन पेलो. सगळे म्हणतच होते, म्हटलं घ्यावं मंग. त्या राती घरी नाई आलो, शेतात झोपलो. कोणाले मालूम नाई ते. मले मालूम हाय."

बायकांच्या बाजूला त्याची बायको होती. तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"पोरगंच घेईन," भाऊ म्हणाला आणि खाली बसला.

मुलानं सुरुवात केली. सगळे मागून म्हणू लागले. भाऊही म्हणत होता, पाचव्या शीलालाही बाकीच्यांच्याच आवाजात.

त्या एका वेळचं पिणं त्यानं स्वतःचं म्हणून सांगितलं. ते त्याचं नव्हतं. मी दवाखान्यात साधं 'नाही' म्हणालो असतो तर तो काठी टेकत तिथं गेला नसता. हे मी तिथंच उठून म्हणायला हवं होतं. सगळे जमलेले होते, मी नुकताच बोललो होतो, उठायला फार लागलं नसतं. मी बसून राहिलो. वंदना संपली, लोक चपला शोधायला लागले, आणि भाऊ माझ्या समोरून त्याच्या बायकोबरोबर निघून गेला.

ते तिथं बोललो नाही, म्हणून इथं लिहितो. गावातल्या कोणी हे वाचलं तर माझ्या भावाला वाचून दाखवावं.